मेल सर्व्हर बदलायचा आहे: एक्झिमला जास्त सुरक्षित पर्याय कोणता?

ओतशाळा

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी आयटी बघतो. ईआरपी, नेटवर्क, कॅमेरे, प्रिंटर आणि मेल हे सगळे माझ्याकडेच. मेल सर्व्हर कंपनीचा स्वतःचा आहे, भाड्याने घेतलेल्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर). नव्वदच्या आसपास मेलबॉक्स आहेत. ज्यांनी तो उभा करून दिला ते आता हे काम करत नाहीत, त्यामुळे पॅनेलसकट (सर्व्हर ब्राउझरमधून चालवायचे साधन) सगळे माझ्याकडे आले.

मशिनवर सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) आहे. त्याचे अपडेट ३० जून २०२४ पासून बंद झाले आहेत. मेल घ्यायला-पाठवायला एक्झिम, मेलबॉक्सना डव्हकॉट, वेबमेलला राउंडक्यूब. सगळ्याच आवृत्त्या जुन्या.

धागा काढायचे कारण असे की परवा आमच्या जर्मन ग्राहकाला आमच्या विक्री विभागाच्या पत्त्यावरून मेल गेली: बँक खाते बदलले आहे, या महिन्याचे पेमेंट नव्या खात्यात करा. खाली आमचीच सही, आमच्याच खऱ्या इनव्हॉइसचा नंबर. ग्राहकाने फोन करून खात्री केली म्हणून रक्कम वाचली. मालक म्हणतात, सॉफ्टवेअर बदला, पण या वेळी नीट विचार करून घ्या. पोस्टफिक्स, ओपनएसएमटीपीडी, स्टॉलवर्ट, झिंब्रा, एक्सचेंज अशी नावे समोर आहेत. सुरक्षितता हा एकच निकष धरला तर काय घ्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दगडफूल

सॉफ्टवेअरचे नंतर बघू. ती मेल खरोखर तुमच्या सर्व्हरवरून गेली, की तुमच्यासारखे दिसणारे डोमेन घेऊन कोणी पाठवली? ग्राहकाकडून पूर्ण हेडर मागवा. डव्हकॉटच्या लॉगमध्ये त्या मेलबॉक्सची लॉगिन कुठल्या आयपीवरून झाली ते पाहा. आणि त्या खात्याचे फिल्टर नियम उघडून बघा. हे करेपर्यंत काही पुसू नका.

ओतशाळा

पाहिले. मेल आमच्याच सर्व्हरवरून गेली आहे. लॉगमध्ये परदेशी आयपीवरून लॉगिन दिसते, तेही पहिल्याच फटक्यात यशस्वी. त्याआधी चुकीच्या पासवर्डचा एकही प्रयत्न नाही. आणि फिल्टरमध्ये एक नियम सापडला, त्याच्या नावाच्या जागी नुसते एक टिंब. विषयात "इनव्हॉइस" किंवा "पेमेंट" असेल तर प्रत बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवायची आणि ग्राहकाचे उत्तर आले की ते इनबॉक्समध्ये न ठेवता भलत्याच फोल्डरमध्ये टाकायचे. त्यामुळे विक्रीवाल्यांना काही कळलेच नाही.

म्हणजे पासवर्ड चोरीला गेला, सर्व्हर फुटला नाही, असे धरायचे का?

पंचगंगा

नाही, तसे धरू नका.

तुम्ही राउंडक्यूब जुने आहे म्हणालात. जून २०२५ मध्ये राउंडक्यूबमधले सीव्हीई-२०२५-४९११३ हे सुरक्षेचे भोक बाहेर आले (सीव्हीई म्हणजे अशा भोकांना दिलेला जाहीर क्रमांक). सुमारे दहा वर्षे कोडमध्ये होते ते. दुरुस्ती १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांत आहे. त्या भोकाचा फायदा घ्यायला फक्त एक गोष्ट लागते: कुठल्यातरी एका मेलबॉक्सचे चालू लॉगिन. तेवढे असले की माणूस वेबमेलमधून थेट सर्व्हरवर आज्ञा चालवू शकतो. तुमच्याकडे घुसलेल्याच्या हातात लॉगिन होते आणि समोर जुने राउंडक्यूब होते. त्याने ते केलेच असेल असे नाही, पण केले नाही असे सिद्ध करणे तुम्हाला जवळपास अशक्य आहे. म्हणून हे मशिन दुरुस्त करत बसू नका. नवीन मशिन, नवीन ओएस, शून्यापासून.

आता मूळ प्रश्न. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडत नाही, असे विचारले तर एकही नाव पुढे येणार नाही. मी दोन गोष्टी विचारते. भोक सापडले तर घुसणारा किती आतपर्यंत जातो? आणि दुरुस्ती आली की ती माझ्या मशिनवर आपोआप, वेळेत पोचते का? या दोन प्रश्नांवर सॉफ्टवेअर निवडा.

पहिल्या प्रश्नावर मेल सर्व्हरचा इतिहास फार काही शिकवतो. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म (इंटरनेटवर आपोआप पसरणारा प्रोग्राम) सुटला, तेव्हा त्याच्या वाटांपैकी एक होती सेंडमेल या तेव्हाच्या मेल सर्व्हरची डीबग आज्ञा. चाचणीसाठी ठेवलेली सोय, चालू राहिलेली. सेंडमेल हा एकच मोठा प्रोग्राम होता आणि रूटच्या, म्हणजे मशिनवरच्या सर्वोच्च, हक्काने चालायचा, त्यामुळे त्यात कुठेही चूक निघाली की सगळे मशिन हातचे जायचे.

यावर दोघांनी मुळापासून वेगळी रचना केली. डॅनियल बर्नस्टाइन यांचे क्यूमेल, आणि आयबीएमच्या संशोधन केंद्रात वीत्से वेनेमा यांनी लिहिलेले पोस्टफिक्स, जे डिसेंबर १९९८ मध्ये बाहेर आले. दोन्हींत कामाचे तुकडे केले आहेत. पोस्टफिक्समध्ये बाहेरच्या जगाशी बोलणारा एसएमटीपीडी हा भाग साध्या, हक्क नसलेल्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. तो मेल घेतो आणि क्लीनअपकडे देतो, क्लीनअप ती रांगेत ठेवतो, रांगेतून पुढे पाठवणारा आणखी वेगळा. रूटचे हक्क मुख्यतः मास्टर या प्रक्रियेकडे आणि स्थानिक डिलिव्हरी करणाऱ्यांकडे, आणि त्यांचा इंटरनेटशी थेट संबंध येत नाही. पोस्टफिक्सचा एकही प्रोग्राम सेटयूआयडी रूट (कोणीही चालवला तरी रूटच्या हक्काने चालणारा) नाही. एसएमटीपीडीमध्ये भोक निघाले तरी घुसणारा त्या एका हक्कहीन प्रक्रियेत अडकतो, तिथून रूटपर्यंत जायला त्याला दुसरे भोक शोधावे लागते.

एक्झिमची रचना जुन्या वळणाची आहे. फिलिप हेझल यांनी ते १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात लिहायला घेतले. एकच बायनरी, सेटयूआयडी रूट. ते किती महागात पडते याचे उदाहरण म्हणजे सीव्हीई-२०१९-१०१४९. ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत मेल पोचवताना एक्झिम मिळणाऱ्याचा पत्ता स्वतःच्या सूत्रभाषेत उलगडून बघायचा. त्या सूत्रभाषेत "रन" नावाची आज्ञा आहे. म्हणजे @ च्या डावीकडे माणसाच्या नावाऐवजी डॉलर, महिरपी कंस आणि रन लिहून पुढे हवी ती आज्ञा ठेवायची. एक्झिम ती रूटच्या हक्काने चालवणार. नेहमीच्या मांडणीत दुरून हे करायला ७ दिवस जोडणी धरून ठेवावी लागे, दर काही मिनिटांनी एक बाइट पाठवत, पण काही मांडण्यांमध्ये लगेच जमायचे. मे २०२० मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने जाहीर इशारा दिला की रशियन लष्करी गुप्तहेरांचा सँडवर्म गट हेच भोक वापरतो आहे. दुरुस्ती फेब्रुवारी २०१९ च्या ४.९२ मध्ये आधीच होती. वर्ष उलटून गेले तरी लोकांनी ती घेतली नव्हती, म्हणून इशाऱ्याची वेळ आली.

तुमच्यासाठी माझे उत्तर: डेबियनवर पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि स्पॅमसाठी आरस्पॅमडी. पॅनेल नको.

निळावंती

पंचगंगाताई, माहितीपूर्ण प्रतिसाद. रचनेबद्दल मान्य, पण एक्झिमची बाजू मांडते. डेबियनमध्ये वर्षानुवर्षे तेच मूळ मेल सर्व्हर म्हणून येत आले आहे, सीपॅनेल त्याच्यावरच चालते, आणि मेल कशी वळवायची याची जेवढी मोकळीक एक्झिम देते तेवढी पोस्टफिक्स देत नाही. आमच्या संस्थेत विभागवार नियम आहेत, ते पोस्टफिक्समध्ये बसवायला फार कसरत करावी लागली असती. डेबियनचे सुरक्षा अपडेट वेळेवर घेतले तर एक्झिम व्यवस्थित चालते.

आणि पोस्टफिक्सही धुतल्या तांदळाचे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंगचे प्रकरण झाले (एसएमटीपी म्हणजे मेल देताना-घेताना सर्व्हर बोलतात ती भाषा), त्यात पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल तिघेही सापडले. मेल संपली हे दाखवायला एका ओळीवर नुसते टिंब असते. त्या टिंबाच्या आगेमागे ओळ कशी तोडली आहे याचा अर्थ पाठवणारा सर्व्हर एक लावतो आणि घेणारा दुसरा. त्या फटीतून एका मेलच्या पोटात दुसरी मेल दडवता येत होती, आणि ती एसपीएफची (या डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरने पाठवायची याची) तपासणीही पार करायची.

पंचगंगा

निळावंती, स्मगलिंगचा मुद्दा बरोबर आहे. त्यावर पोस्टफिक्सने "एसएमटीपीडी_फॉरबिड_बेअर_न्यूलाइन" ही सेटिंग आणली. ३.९ पासून ती मुळातच चालू असते, ३.८.४ आणि त्याच सुमाराच्या जुन्या दुरुस्त्यांमध्ये हाताने चालू करावी लागते. ओतशाळा, हे लिहून ठेवा.

पण फरक बघा. स्मगलिंगमुळे खोट्या नावाची मेल आत येऊ शकत होती. ते वाईटच. २०१९ च्या एक्झिममध्ये सर्व्हरच जात होता. आणि ते एकटे नव्हते: मे २०२१ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने एक्झिममधली २१ भोके एकदम जाहीर केली, त्यातली १० दुरून वापरता येणारी. तुमच्याकडे गुंतागुंतीचे नियम आहेत आणि तुम्ही रोज लक्ष घालता, तुम्ही एक्झिमवर राहा. इथे एकच माणूस प्रिंटरपासून ईआरपीपर्यंत सगळे बघतो. त्याच्या लक्षातून एखादा आठवडा निसटला तरी मशिन तगले पाहिजे.

सातमाळा

स्टॉलवर्टचा विचार जरूर करा. पूर्ण रस्ट या भाषेत लिहिलेले आहे, म्हणजे बफर ओव्हरफ्लोसारख्या स्मृतीच्या चुकांचा अख्खा वर्ग जवळपास निकालात. एसएमटीपी, आयमॅप आणि जेमॅप (मेलबॉक्स वाचण्यासाठी), स्पॅमगाळणी, डीकिम (मेलवरची डिजिटल सही), एमटीए-एसटीएस (वाटेतल्या एन्क्रिप्शनची सक्ती) सगळे एकाच प्रोग्राममध्ये, सुटे भाग जुळवत बसावे लागत नाहीत. मी घरच्या डोमेनला वापरतो, छान चालते.

पंचगंगा

सातमाळा, स्टॉलवर्ट मलाही आवडते आणि स्मृतीच्या चुकांबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे. पण एक्झिमचे ते २०१९ चे भोक रस्टने थांबले नसते, कारण ती स्मृतीची चूक नव्हतीच. बाहेरून आलेला मजकूर आज्ञा म्हणून चालवला, ही तर्काची चूक होती.

ओपनएसएमटीपीडीचेही तेच. ते बनवणारी ओपनबीएसडीची माणसे कोड तपासण्यात अत्यंत काटेकोर, तरी जानेवारी २०२० मध्ये सीव्हीई-२०२०-७२४७ निघाले. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात डोमेनची जागा रिकामी ठेवली की उरलेल्या भागात नको ती अक्षरे असली तरी पत्ता वैध ठरायचा, आणि तो डिलिव्हरीच्या वेळी शेलच्या आज्ञेत जायचा. पत्त्यात अर्धविराम घातला की पुढचे सगळे रूटच्या नावाने चालणार. मे २०१८ च्या एका बदलात ते आले होते. दोन महिन्यांनी नाही, जवळपास पावणेदोन वर्षांनी सापडले. मला ते सॉफ्टवेअर सोपेपणामुळे आवडते, पण नव्वद माणसांचा कारखाना असेल तर मी पोस्टफिक्सच घेईन. स्टॉलवर्ट घरी शिका, आणखी थोडे मुरू द्या.

दगडफूल

झिंब्रा आणि एक्सचेंज विचारले आहे म्हणून थोडक्यात. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता सबस्क्रिप्शन एडिशनच घ्यावी लागेल. मार्च २०२१ चे एक्सचेंजमधले प्रॉक्सीलॉगॉन हे भोक आठवा: दुरुस्ती येईपर्यंत हल्ले सुरू झालेले होते. झिंब्रात कॅलेंडर वगैरे सगळे एकत्र मिळते, पण भाग इतके की कुठून पाणी मुरेल सांगता येत नाही. २०२२ मध्ये मेलला जोडलेली आर्काइव्ह फाइल उघडायला जुने सीपीआयओ वापरल्यामुळे सर्व्हर जात होते. म्हणजे नुसती मेल येऊन पडली की झाले. आणि जुन्या ८.८.१५ चा आधार २०२३ अखेर संपला. एकट्या माणसाने हे दोन्ही घेऊ नयेत.

म्युनिकवासी

मी इथे वाहन उद्योगाच्या पुरवठादारांच्या तपासण्यांचे काम बघतो. तुमचा ग्राहक गाड्यांच्या क्षेत्रातला असेल तर आज ना उद्या टिसॅक्सची (वाहन उद्योगाची माहिती-सुरक्षा तपासणी) प्रश्नावली येईल. त्यात "कोणता मेल सर्व्हर" असे कोणी विचारत नाही. अपडेट कोण घेतो, किती दिवसांत घेतो, त्याची नोंद कुठे, प्रवेश कोणाला, घटना घडल्यावर काय केले, हे विचारतात आणि पुरावा मागतात. त्यामुळे आज जे करत आहात ते तारखेसह लिहून ठेवा. ग्राहकालाही लपवाछपवी न करता लेखी कळवा. जर्मन खरेदी विभाग त्याची किंमत करतो, हे मी जवळून पाहिले आहे.

शिवाय इथले बरेच मेल पुरवठादार डेन (डीएनएसमधून सर्व्हरचे प्रमाणपत्र पडताळणे) तपासतात. त्यासाठी तुमच्या डोमेनला डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही) लागेल. ते जमत नसेल तर निदान एमटीए-एसटीएस लावा, म्हणजे ती तपासणाऱ्या सर्व्हरकडून येणारी मेल वाटेत एन्क्रिप्शन काढून वाचता येणार नाही.

कासारघाट

कोणी विचारत नाही म्हणून मी विचारतो. नव्वद मेलबॉक्ससाठी स्वतःचा सर्व्हर हवाच कशाला? झोहो, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे चोवीस तास बघणारी टीम असते. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या मेल झोहोच्या व्यवस्थेवर गेल्या. ओतशाळा सुट्टीवर गेले तर तुमच्याकडे अपडेट कोण घेणार?

आणि एक कायदेशीर बाब. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे असतात. कळवले नसेल तर आजच कळवा, उशीर झाला तरी कळवा.

पंचगंगा

कासारघाट, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर मालकांनी द्यायचे आहे. अपडेट बघायला दुसरा माणूस मिळणार नसेल तर भाड्याची सेवा घ्यावी, हे मी पोस्टफिक्सची पक्की पुरस्कर्ती असूनही म्हणते. फक्त तिथे गेले की चिंता मिटली असे कोणी समजू नये. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टची सही करण्याची किल्ली चोरून अमेरिकी परराष्ट्र खात्यासह सुमारे २५ संस्थांच्या मेल वाचल्या गेल्या. आणि चोरलेला पासवर्ड गूगलवरही तसाच चालतो, दोन टप्प्यांची खात्री लावली नसेल तर. टिंबाच्या नावाचे ते फिल्टर तिथेही लावता येते.

ओतशाळा

सर्वांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवली आहे. सर्ट-इनला कळवले, ग्राहकाला मालकांच्या सहीने पत्र गेले.

मालकांशी सविस्तर बोललो. ड्रॉइंग आणि पॅटर्नच्या फाइल्स मेलमध्ये असतात, त्या बाहेर ठेवायला ते तयार नाहीत, म्हणून सर्व्हर आपलाच राहणार. पण कासारघाट यांच्या प्रश्नामुळे एक चांगले झाले: डिझाइन विभागातल्या एका मुलीला लिनक्सची आवड आहे, तिला माझ्याबरोबर तयार करायला मालकांनी होकार दिला आहे.

डेबियन १३ वर पोस्टफिक्स, डव्हकॉट, आरस्पॅमडी असे ठरवतो आहे. तीन शंका आहेत. जुने पासवर्ड हॅश (पासवर्डची साठवलेली सांकेतिक रूपे) तसेच नेता येतील का, की नव्वद जणांना नवे द्यायचे? जुन्या मेल कशा हलवायच्या? आणि स्टोअरमधला जुना कॉपियर स्कॅन करून मेल पाठवतो, त्याला पासवर्डही जमत नाही आणि नवे टीएलएसही (जोडणीचे एन्क्रिप्शन). त्याचे काय करू?

पंचगंगा

पासवर्ड हॅश डव्हकॉटला चालतील, पण नेऊ नका. जुने मशिन फुटले असल्याची शक्यता आपण धरली आहे, तेव्हा सगळे हॅश बाहेर गेले असेच समजा. नव्वद जणांना नवे पासवर्ड द्या, हाताने, समोर बसवून. मेलवरून पाठवू नका.

जुन्या मेल आयमॅपसिंकने ओढा, म्हणजे फक्त मेल येतील. फिल्टर, कॉन्फिग, स्क्रिप्ट, क्रॉन यातले काहीही कॉपी करू नका. कोणाला फिल्टर हवे असेल तर त्याने नव्याने लिहावे, आणि बाहेरच्या पत्त्यावर आपोआप पुढे पाठवणे सर्व्हरवरच बंद ठेवा. डेबियन १३ मध्ये डव्हकॉट २.४ येते आणि त्याची कॉन्फिग २.३ पेक्षा वेगळी आहे. नेटवरचे जुने लेख जसेच्या तसे चालणार नाहीत. फाइलच्या सुरुवातीला कॉन्फिगची आवृत्ती लिहावी लागते, तिथूनच बदल सुरू होतो.

कॉपियरसाठी लोक "मायनेटवर्क्स" या पोस्टफिक्सच्या विश्वासू पत्त्यांच्या यादीत ऑफिसच्या नेटवर्कचे सगळे आयपी टाकून मोकळे होतात. मग ऑफिसातल्या कुठल्याही व्हायरस लागलेल्या पीसीला पासवर्डशिवाय मेल पाठवायची मुभा मिळते. तसे करू नका. ऑफिसमध्येच एका छोट्या मशिनवर वेगळे पोस्टफिक्स बसवा, ते फक्त कॉपियरच्या आयपीवरून मेल घेईल, फक्त तुमच्याच डोमेनला पाठवेल, आणि मुख्य सर्व्हरकडे लॉगिन करून टीएलएसने देईल.

आणखी थोडे. लॉगिन २५ पोर्टवर बंद, फक्त ४६५ आणि ५८७ वर. "रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच" लावा, म्हणजे स्टोअरच्या लॉगिनने विक्रीच्या नावाची मेल जाणार नाही. आयमॅप आणि वेबमेल वायरगार्ड या व्हीपीएनच्या आत ठेवा, विक्रीच्या माणसांच्या फोनवरही वायरगार्ड चालते. वेबमेलची खरोखर गरज नसेल तर बसवूच नका. अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप सुरक्षा अपडेट) पहिल्या दिवशी चालू करा. डीमार्क (तुमच्या नावाच्या खोट्या मेलचे काय करायचे हे सांगणारी नोंद) आधी नुसते अहवाल घेण्यापुरते ठेवा, अहवालांत तुमच्या ईआरपीच्या मेल नीट पास होताना दिसल्या की "रिजेक्ट"वर न्या.

बदलाच्या आदल्या दिवशी एमएक्सचा (मेल कुठे पोचवायची ती डीएनएस नोंद) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी साठवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा. रविवारी करा. नव्या आयपीचा रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) व्हीपीएसवाल्यांकडून आधी लावून घ्या, नाहीतर जीमेल सोमवारी सकाळी तुमच्या मेल परत पाठवेल. आणि जुने मशिन बंद करण्यापूर्वी त्याच्या डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवा. लॉग त्यातच आहेत, सर्ट-इनने किंवा ग्राहकाने विचारले तर तेच दाखवावे लागतील.

निळावंती

एक भर: आरस्पॅमडीत प्रत्येक लॉगिनला ताशी किती मेल पाठवता येतील याची मर्यादा घाला. पासवर्ड पुन्हा कोणाचा गेलाच तर रांग तुंबायच्या आधी कळेल. कॉन्फिग लिहून झाली की इथे टाका, पत्ते आणि डोमेन काढून. मी एकदा नजर टाकते.